ब्रेकअपनंतर व्हॅम्पायर डायरीज कशी बघायची

ब्रेकअप झाला की कोणीतरी सांगतंच, एखादी सिरीज लाव म्हणजे मन रमेल, आणि आपण नेमकी ‘द व्हॅम्पायर डायरीज’ लावतो आणि आणखी रडतो. रडा ना, पण जरा ठरवून बघा. (पुढे स्टोरी फुटणार आहे, आधीच सांगते.)

2009 ते 2017, 8 सीझन, 171 एपिसोड. रात्री अंथरुणात सुरू केलीत तर पहाट होते. मी डाऊनलोड करून ट्रेनमध्ये बघितली, एक एपिसोड चाळीसेक मिनिटांचा, डोंबिवलीला फास्ट पकडली की दादरपर्यंत होतो, आणि दादरला उतरावंच लागतं त्यामुळे पुढचा लावता येत नाही.

स्टेफन आणि डेमन हे दोघे व्हॅम्पायर भाऊ, दोघांचंही नायिका एलेनावर प्रेम. टीम स्टेफन की टीम डेमन यात पडू नका. मन दुखलेलं असताना आपण त्या दोघांत आपल्याच एक्सला शोधत बसतो आणि मग त्याला माफ करायची कारणं सापडायला लागतात. त्यापेक्षा प्रत्येक सीनला एवढंच बघा की एलेनाला स्वतःचं स्वतः ठरवू कोण देतंय.

दुसऱ्या सीझनचा आठवा एपिसोड घ्या. डेमन तिच्या खोलीत येतो, प्रेम आहे म्हणतो आणि लगेच कम्पेल करून, म्हणजे डोळ्यांत बघून, तिला ते सगळं विसरायला लावतो. कॉलेजात असताना मला हा सीन जाम रोमँटिक वाटायचा. ब्रेकअपनंतर बघितला तेव्हा पोटात कालवलं, कारण तो मन मोकळं करून गेला पण तिला उत्तर द्यायची जागाच ठेवली नाही. तिसऱ्या सीझनच्या शेवटी ती त्याला फोनवर म्हणते की आपण आधी भेटलो असतो तर कदाचित वेगळं झालं असतं, आणि मग आपल्याला कळतं की ते खरंच आधी भेटलेले, तेही त्यानेच पुसलेलं! त्याच एपिसोडमध्ये गाडी पाण्यात बुडालेली असताना ती सोबतच्या मॅटला, तिच्या जुन्या मित्राला, आधी काढ म्हणून खुणावते आणि स्टेफन तिचं ऐकतो. हे दोन्ही पाठोपाठ बघा, घाई करू नका.

सहावा सीझन पहिल्या महिन्यात अजिबात नको. डेमन गेलाय, एलेनाला सहन होत नाही, म्हणून ती व्हॅम्पायर झालेल्या अ‍ॅलरिककडून, म्हणजे त्यांच्या मित्राकडून, कम्पेल करून घेऊन डेमनवरच्या प्रेमाच्या आठवणी काढून घेते, आणि मग तो परत येतो. मी पण सगळे फोटो डिलीट केले होते, एक्सचा नंबर ब्लॉक केला होता, आणि एका संध्याकाळी तो दादरच्या पुलावर गर्दीतून समोर आला तर मला त्याचा शर्टसुद्धा आठवत होता, कुठून घेतला ते दुकानासकट. त्या आठवड्यात हा सीझन बघितला असता तर मी ऑफिसला गेले नसते.

सातवा पटापट उरका. शेवटचे दोन एपिसोड मात्र ट्रेनमध्ये नको, रविवारी मैत्रिणीकडे जाऊन बघा, आणि स्टेफन आणि एलेनाची मैत्रीण कॅरोलाईन यांचं लग्न झालं की तिथेच थांबवून चहा ठेवा, मग शेवटचा लावा.