छाटणीच्या कात्रीची मूठ: शाडूपासून ओतकामापर्यंत

तासगावकडील द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी या काळात मजुरांच्या हाती दिवसभर कात्री असते. अशा कात्रीच्या मुठीला नवा आकार द्यायचा असेल, तर संगणकापुढे बसण्याआधी शाडूची माती मळावी, असा माझा आग्रह आहे; कारण मूठ हातात बसते की नाही, हे पडद्यावर कळत नाही.

जुन्या कात्रीच्या दांड्यांभोवती मातीचा बोटभर जाड थर लावावा आणि ती ओली असतानाच प्रत्यक्ष छाटणी करणाऱ्या पाच-सहा स्त्री-पुरुषांना, दर वेळी थर नव्याने लावून, आवळायला द्यावी. बोटांचे जे ठसे उमटतात, तेच आपले माप. शाडू वाळताना आकसते आणि तडकते, म्हणून ठशांची रुंदी व त्यांतील अंतर व्हर्नियर कॅलिपरने लगेच मोजून घ्यावे. (थर्माकोलचे मॉडेल केलेच, तर त्यावर साधा स्प्रे रंग मारू नये. रंगातील द्रावकाने थर्माकोल विरघळतो. माझी एक अख्खी रात्र त्यात वाया गेली आहे.)

या मापांवरून संगणकावर मॉडेल तयार करून थ्रीडी प्रिंट काढावी. प्रिंटमधील भोके बहुधा किंचित लहान येतात. दांडा 8 मिमीचा असेल, तर भोक 8.3 मिमीचे ठेवावे आणि पूर्ण मूठ छापण्यापूर्वी भोकाचा तेवढा 15-20 मिमीचा तुकडा छापून दांड्यावर चढवून पाहावा. मूठ उभी न छापता आडवी छापावी, कारण उभ्या छपाईत थर मुठीला आडवे बसतात आणि वाकवताच ती दोन थरांच्या सांध्यात मोडते. थ्रीडी प्रिंटसाठी सर्रास वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक 60 अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडते. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेली मूठ वाकडी झाली, तर दोष आराखड्याचा नाही.

आकार पक्का झाल्यावर ॲल्युमिनियमचे ओतकाम सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीच्या परिसरात करून घेता येईल. त्यासाठीचा लाकडी पॅटर्न (ज्याभोवती वाळू दाबून साचा करतात तो नमुना) मात्र मुठीएवढाच करून चालत नाही. ॲल्युमिनियम थंड होताना सुमारे 1.3 टक्के आकसते, म्हणजे 150 मिमी लांबीला जवळजवळ 2 मिमी वाढवून द्यावे लागतात, आणि वाळूचा साचा न ढासळता पॅटर्न वर निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार ठेवावा लागतो. ओतून आलेली मूठ घासून गुळगुळीत करावी, अर्धा दिवस बागेत वापरायला द्यावी आणि संध्याकाळी तळहात पाहावेत. फोड जिथे आला असेल, तिथेच पुढच्या मॉडेलची माती काढावी.