नैराश्य की पियुषिका? डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीची तयारी

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर किंवा चिक्कोडीकडच्या एखाद्या घरात बाळंतपणानंतर सून हळूहळू मंदावते, थंडी सोसत नाही, बोलणेच सोडते, तेव्हा तिला आळशी ठरवले जाते, अंगारा लावला जातो, किंवा फार तर नैराश्याच्या गोळ्या सुरू होतात. त्या गोळ्या चुकीच्याच असतील असे नाही. परंतु मेंदूच्या तळाशी असलेली, थायरॉईड आणि अॅड्रिनल ग्रंथींना चालवणारी वाटाण्याएवढी पियुषिका, म्हणजेच पिट्युटरी, निकामी झाली तरीही उदासी, विसरभोळेपणा आणि क्वचित भ्रम दिसू शकतात.

म्हणून प्रथम बाळंतपणात फार रक्तस्राव झाला होता का, हे विचारावे. गरोदरपणात वाढलेल्या या ग्रंथीला अशा वेळी रक्त पुरत नाही आणि ती निकामी होऊ शकते. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हा विकार वर्णिला. अंगावर दूध न येणे आणि पाळी परत सुरू न होणे या त्याच्या बोलक्या खुणा आहेत, मात्र हे प्रश्न सासू-सासऱ्यांसमोर विचारू नयेत. खरे उत्तर मिळत नाही. तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातील गरोदर मातेचे नोंदपत्र, आणि डिस्चार्जचा कागद सोबत न्यावा. उसाच्या फडात किंवा बांधावर कधी घोणस चावली होती का, हेही स्त्री-पुरुष दोघांना विचारावे, कारण तिच्या विषाने पियुषिकेला झालेली इजा कधी कधी काही वर्षांनी उघड होते.

केवळ टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालवणारे पियुषिकेचे संप्रेरक, पाहून ‘थायरॉईड नॉर्मल’ म्हणणे ही येथील खरी फसगत आहे, कारण पियुषिकाच बिघडलेली असता तो आकडा नॉर्मलही येऊ शकतो. फ्री टी४ (थायरॉईडचे संप्रेरक), सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसॉल (अॅड्रिनलचे संप्रेरक), सोडियम आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारे पियुषिकेचे संप्रेरक) यांविषयी डॉक्टरांना विचारावे. रिस्पेरिडोनसारख्या मनोविकारावरील गोळ्यांनी प्रोलॅक्टिन वाढते. तेव्हा चालू औषधांची यादी दाखवावी, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आत्महत्येचे विचार असल्यास तपासण्यांची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी त्याची उणीव भरणारे स्टेरॉईड आणि मगच थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, हा क्रम पाळावा लागतो, उलट केल्यास जिवावर बेतू शकते. स्टेरॉईडची गोळी एकाएकी थांबवू नये. तापात ती किती वाढवायची हे आधीच लिहून घ्यावे, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी थेट दवाखाना गाठावा.