एका दाढीला दोन रेझर

गुरुवार-शनिवार पाळून चार दिवसांची दाढी साठली असेल, तर एकाच रेझरने शेवटपर्यंत रेटू नका. पहिला हात दुधारी पात्याच्या, दातेरी कडेच्या रेझरने (दाते पात्याला नव्हे, त्याखालच्या पट्टीला), केसांच्या दिशेने. दात्यांमधून फेस सरतो, खुंट अडकत नाहीत. नवे पाते यातच घाला, खरे कापण्याचे काम इथेच होते.

मग पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा, पण सौम्य रेझरने. त्यात पात्याची धार कमी बाहेर डोकावते, म्हणून एकदा खरवडून निघालेली कातडी कमी चुरचुरते. दोन्ही वेळा जोर रेझरच्या वजनाचा, हाताचा नव्हे. केसांच्या उलट दिशेचा हात मी फक्त गालावर मारतो. गळ्यावर केस भोवऱ्यासारखे फिरतात. तिथे कोरड्या बोटाने चाचपून दिशा आधीच पाहून ठेवा. रक्त आलेच, तर तुरटी आहे.

दोन रेझर म्हणजे गोव्याच्या पावसात दुप्पट निगा, हेही खरे. फोंड्यात आमच्या न्हाणीघरात आषाढात टॉवेलसुद्धा सुकत नाही, तिथे रेझरचे काय! एकदा पाते काढले तर मधल्या भोकाभोवती तांबूस कडे धरले होते. आता दाढी झाली की रेझरची मूठ फिरवून थोडी सैल करतो, रेझर पाण्याखाली धरतो, झटकतो आणि खिडकीत उभा ठेवतो. धार मात्र टॉवेलने पुसू नका. पाते बदलताना ते आखूड कडांनीच धरा.