जुनी स्पोर्ट क्वाड घेताना आधी एअर फिल्टर उघडा

नाशिकच्या गंगापूर धरणाकडच्या एखाद्या फार्महाऊसवर यामाहा रॅप्टर किंवा होंडा टीआरएक्स ४०० सारखी जुनी स्पोर्ट क्वाड, म्हणजे मातीत पळवायची चारचाकी बाईक, विकायला असेल, तर चकचकीत प्लास्टिक आणि नवे स्टिकर बघून भुलू नका. सीट काढा, एअर फिल्टर बाहेर घ्या आणि त्याच्या मागच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवा. बोटाला माती लागली तर ती इंजिनातही गेली आहे. पिस्टन, रिंगा आणि सिलिंडर घासलेले असणार, हे धरूनच भाव करा. आपल्याकडे उन्हाळ्यात मातीचे रस्ते पिठासारखे उडतात, म्हणून ही तपासणी मी सगळ्यात वर ठेवते.

जाण्याआधी मालकाला सांगून ठेवा, "दादा, इंजिन थंडच राहू द्या." गरम इंजिन कसंही चालू होतं. थंड इंजिन स्वतः चालू करा आणि धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय.

मग पुढचा भाग जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवा. खटखट आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग गेलंय. मागचा अ‍ॅक्सलही तसाच हलवून बघा. ए-आर्म, म्हणजे पुढची चाकं धरणारे दांडे, जिथे फ्रेमला जोडतात तिथे नवं वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला, तर सरळ नाही म्हणा.

आयातीची कागदपत्रं मागा, फ्रेम नंबर जुळवा. अशा क्वाडची सहसा आरटीओत नोंदणी होत नाही, त्यामुळे ती त्र्यंबक रोडवरून चालवत घरी आणायची नाही, टेम्पोचं भाडं हिशेबात धरा.