पैसे देऊन ॲप घ्यायचंय? मग आधी आठवडाभर थांबा

मागच्या पावसाळ्यात काकांचा फोन आला, "अरे दर आठवड्याला खात्यातून १९९ रुपये जातायत, फ्रॉड आहे का बघ जरा." फ्रॉडबिड काही नव्हता. वारसनोंदीसाठी सातबारा आणि अजून दोन-चार कागद पीडीएफ करून पाठवायचे होते, म्हणून काकांनी स्कॅनर शोधला, पहिला दिसला तो घेतला, '३ दिवस फ्री' असं लिहिलेल्या बटणावर बोट ठेवलं, यूपीआय पिन टाकला आणि विसरून गेले. काम झाल्यावर ॲप उडवलं सुद्धा, आता ॲपच नाही म्हटल्यावर पैसे कोण कापणार? कापले ना, पाच आठवडे, ९९५ रुपये. आणि हे सगळं गूगल ड्राइव्हमधे फुकट झालं असतं, अधिक चिन्ह दाबायचं, स्कॅन दाबायचं, संपलं. ड्राइव्ह त्यांच्या फोनमधे पहिल्या दिवसापासून होतं.

मी पैसे देऊन ॲप घ्यायच्या विरुद्ध अजिबात नाही हां, चार-पाच ॲपना मी आनंदाने पैसे दिलेत आणि एकाचाही पश्चात्ताप नाही. पण ते घ्यायची माझी एक पद्धत ठरलीय, तीच इथे लिहितो.

पहिली पायरी: काय अडतंय ते लिहून काढा

प्ले स्टोअर उघडायचंच नाही. फोनमधल्या नोट्समधे एक पान करा आणि आठवडाभर फोन वापरताना जिथे जिथे वैताग आला ते तिथल्या तिथे टाका. माझ्या पानावर होतं: 'घाटात नेट गेलं, नकाशा पांढरा', 'गाण्याच्या मधे जाहिरात', 'आईला बारीक अक्षर वाचता येत नाही', 'ऑफिसात शिरल्यावर फोन सायलेंट करायचा विसरलो', परत 'सायलेंट विसरलो', परत तेच. आठवड्याने बघायचं की कुठली ओळ तीनदा-चारदा आलीय. पैसे खर्च करायचे तर त्या ओळीवर. एकदाच आलेल्या ओळीसाठी काही घेऊ नका, ती तात्पुरती कटकट असते, काकांच्या पीडीएफसारखी.

दुसरी पायरी: फोनमधे ते आधीच आहे का बघा

ही पायरी लोक गाळतात आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. क्यूआर कोड कॅमेराच वाचतो. स्क्रीन रेकॉर्डिंग अँड्रॉइड ११ पासून फोनमधेच आहे. आयफोनवर कागद स्कॅन करायचा तर नोट्समधे सोय आहे. टॉर्च, होकायंत्र, मोजपट्टी, कॅल्क्युलेटर यासाठी कुणी वर्गणी मागत असेल तर सरळ पाठ फिरवायची.

मग फुकट पण चांगलं काही आहे का बघायचं. एमपीएससी करणाऱ्या माझ्या मावसभावाला अँकी हवं होतं, फ्लॅशकार्डचं ॲप, जे विसरायच्या बेताला आलेलं कार्ड बरोब्बर पुढे आणतं. अँड्रॉइडवर हे अँकीड्रॉइड नावाने पूर्ण फुकट आहे, जाहिरातसुद्धा नाही. आयफोनवर मात्र अँकीमोबाइल विकत घ्यावं लागतं आणि स्वस्त नाही, साधारण २५ डॉलर, पण एकदाच, आणि त्याच पैशातून कॉम्प्युटरवरचं फुकट अँकी चालतं. म्हणजे तेच काम, एका फोनवर शून्य रुपये आणि दुसऱ्यावर दोन हजारांच्या घरात. भावाकडे अँड्रॉइड होता, विषय संपला. फक्त एक जपा, मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच ॲप दोन्ही स्टोअरवर आहेत, त्यांचा मूळ अँकीशी संबंध नाही आणि ती वर्गणी मागतात. इन्स्टॉल करायच्या आधी डेव्हलपरचं नाव वाचा.

तिसरी पायरी: पैसे कसे घेतात ते शोधा, किती ते नंतर

एकदाच पैसे, का दर महिन्याला, का दर वर्षाला, का दर आठवड्याला? प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर 'अबाउट धिस ॲप' उघडून तळापर्यंत जा, तिथे ॲपच्या आतल्या खरेदीची किंमत कितीपासून कितीपर्यंत ते असतं आणि शेवटचं अपडेट कधी झालं तेही. आयफोनवाल्यांचं बरंय, त्यांना ॲपच्या आतली खरेदी नावानिशी आणि किमतीनिशी दिसते.

आठवड्याचा भाव दिसला की लगेच ५२ ने गुणायचं. १९९ गुणिले ५२, दहा हजार तीनशे अठ्ठेचाळीस. काकांना हा आकडा वाचून दाखवला तर ते खुर्चीतून उठलेच. आठवड्याचा भाव लावणारं ॲप मी बघतच नाही, कितीही चांगलं असो, कारण तो भाव आपण हिशोब करू नये म्हणूनच लावलेला असतो.

बाकी माझा नियम साधा आहे. ॲपच्या मागे कुणाचा रोजचा खर्च चालू असेल, म्हणजे सर्व्हरवर जागा, नवी पुस्तकं, नवे नकाशे, तर वर्गणी समजू शकतो, वाचनालयाची देतोच की आपण. पण जे ॲप माझ्याच फोनवर माझ्याच फाइली उघडतं त्याने दर महिन्याला भाडं का मागावं? तिथे एकरकमी असेल तरच. आपलं व्हॉट्सॲप सुद्धा एकेकाळी पहिल्या वर्षानंतर वर्षाला साधारण एक डॉलर मागायचं, जानेवारी २०१६ मधे त्यांनी ते बंद केलं. आता हे कुणाला आठवतही नाही.

'लाइफटाइम' शब्दाला मात्र भुलू नका, लाइफ ॲपचं, तुमचं नाही. नोव्हा लाँचर हे फोनची होम स्क्रीन बदलणारं ॲप, त्याचं प्राइम, म्हणजे पैसे देऊन घ्यायचं रूप, सेलमधे १० रुपयांना मिळायचं, मीही घेतलं आणि कित्येक वर्षं वापरलं. २०२२ मधे ते ब्रँच नावाच्या कंपनीने विकत घेतलं आणि २०२५ मधे ज्याने ते बनवलं तोच बाहेर पडला. माझे १० रुपये केव्हाच वसूल झाले होते, पण हजार-दीड हजार दिले असते तर चुटपुट लागली असती. उलट बाजूचं उदाहरण पॉकेट कास्ट्स या पॉडकास्ट ऐकायच्या ॲपचं, २०१९ मधे पेड ॲप अचानक फुकट करून वर्गणी आणली, जुने ग्राहक चिडले, तेव्हा त्यातल्या ज्यांनी वेबवरची आवृत्ती विकत घेतली होती त्यांना ती वर्गणी आयुष्यभरासाठी दिली. म्हणून मी हिशोब दोन वर्षांचा करतो. दोन वर्षांत वसूल होत असेल तर घ्यायचं, पुढचं सगळं वरकड.

चौथी पायरी: ट्रायल घ्या आणि लगेच रद्द करा

हो, लगेच, त्याच मिनिटाला. प्ले स्टोअरवर ट्रायल रद्द केली तरी मुदत संपेपर्यंत ॲप चालू राहतं, फक्त पुढे पैसे कापले जात नाहीत. प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातला आपला फोटो, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, सबस्क्रिप्शन्स, ॲपचं नाव, कॅन्सल. आयफोनवर सेटिंग्ज, वर आपलं नाव, सबस्क्रिप्शन्स, आणि तिथे मुदत संपायच्या निदान २४ तास आधी रद्द करावं लागतं, शेवटच्या रात्री आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑटोपेचे पैसे कापायच्या २४ तास आधी कळवावं लागतं. कळवतातही. पण तो मेसेज इंग्रजीत येतो आणि कर्जाच्या ऑफर आणि कुरियरच्या ओटीपीच्या मधे पडतो, काकांच्या फोनमधे असे पाचही मेसेज न उघडलेले सापडले. शिवाय १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, सुरुवातीला एकदा पिन टाकला की झालं. यूपीआय ॲपच्या प्रोफाइलमधे ऑटोपे किंवा मॅन्डेट असा भाग असतो, तो एकदा उघडून बघाच, काहीतरी विसरलेलं निघतंच, माझं निघालं होतं.

पाचवी पायरी: पैसे भरताना

कुठल्या ईमेलने घेताय ते बघा. खरेदी फोनला नाही, गूगलच्या खात्याला चिकटते. त्याच खात्याने नव्या अँड्रॉइडवर ॲप परत मिळतं, पण आयफोन घेतलात तर नाही, तिथे परत पैसे. ऑफिसच्या ईमेलवर तर कधीच घेऊ नका, नोकरी सुटली की ॲपही सुटलं.

घरात चार फोन असतील तर गूगलची फॅमिली लायब्ररी चालू करा, एकदा विकत घेतलेलं ॲप अजून पाच जणांना वापरता येतं. अट एवढीच की ॲप स्वतःच पेड असायला हवं, फुकट ॲपच्या आत जाऊन घेतलेलं 'प्रो' वाटता येत नाही. आणि कार्ड किंवा यूपीआय जोडायचं नसेल तर प्ले स्टोअरचा गिफ्ट कोड घ्या, त्यात जेवढे तेवढेच जातील. मी तर बराच काळ गूगल ओपिनियन रिवॉर्ड्सच्या पैशावरच ॲप घेतली, कुठल्या दुकानात गेला होतात वगैरे दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची, थोडे थोडे रुपये साठतात. वर्षभरात वापरले नाहीत तर जातात मात्र.

टेलिग्रामवर 'क्रॅक', म्हणजे कुलूप तोडून फुकट केलेलं पेड ॲप, मिळतं हे मलाही माहितीय. ज्या फोनमधे तुमचं यूपीआय आहे त्यात ते घालणार का, एवढंच विचारतो.

सहावी पायरी: पहिले ४८ तास ॲपला पिदडा

गूगल प्लेवर घेतलेल्या बहुतेक ॲपचा रिफंड ४८ तासांच्या आत मागता येतो. त्यानंतर डेव्हलपरला विनवण्या. आणि एकाच ॲपचा रिफंड एकदाच, परत घेतलंत तर परत नाही. म्हणून शुक्रवारी रात्री घ्यायचं आणि शनिवार-रविवार राबवायचं.

मी काय काय करतो सांगतो. विमान मोड लावून उघडतो, ऑफलाइन चालतं म्हणाले ते खरंच चालतं का. मराठी टाकून बघतो, 'ज्ञानेश्वरी', 'कुऱ्हाड', 'तऱ्हा', जोडाक्षरं फुटतात का, शोधल्यावर सापडतात का, ऱ्या-ऱ्हा वाल्या शब्दांवर भलेभले आपटतात. मग माझा डेटा बाहेर काढून बघतो, साध्या फाइलमधे निघाला तर ठीक, नाही निघाला तर उद्या हे ॲप बंद पडल्यावर माझ्या नोंदींचं काय? या शेवटच्या परीक्षेत मी दोन ॲप परत केलीत.

मी कशाला पैसे दिले

ऑसमअँड, नकाशाचं ॲप, ट्रेकसाठी. हरिश्चंद्रगडला खिरेश्वरकडून गेलेल्यांना माहिती असेल, तोलार खिंड चढून वर आलं की देवळापर्यंत टेकड्यांमागून टेकड्या आणि पावसात धुकं उतरलं की दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही, वाटा मात्र चार फुटलेल्या. तिथे नेट नसतं, पण जीपीएसला नेट लागतच नाही, नकाशा फोनमधे असला की निळा ठिपका बरोबर दाखवतो. फुकट ऑसमअँडमधे सात नकाशे उतरवता येतात, महाराष्ट्राचा एक वेगळा मिळतो, त्यामुळे नुसतं महाराष्ट्रात फिरणाऱ्याला पैसे द्यायची गरजच नाही. ऑरगॅनिक मॅप्स तर पूर्ण फुकट आहे, नवख्याने तेच घ्यावं, सोपंय. मी पैसे दिले ते उंचीच्या रेषांसाठी. वाट पुढे सपाट जातेय का कड्याकडे उतरतेय हे त्या रेषा एकमेकींना किती चिकटल्यात त्यावरून कळतं, आणि धुक्यात उभं राहून पुढे जायचं का मागे फिरायचं हे ठरवताना मला तेवढंच लागतं. एक मात्र, पॉवर बँक न्या, हे ॲप बॅटरी खातं.

टास्कर, फोनला ठरवलेली कामं आपोआप करायला लावणारं ॲप, माझ्या त्या सायलेंटच्या दुखण्यासाठी. ऑफिसचं वायफाय दिसलं की फोन गप्प, सुटलं की आवाज परत. शिकायला डोकं खातं, दोन रविवार गेले माझे, पण एकरकमी आहे आणि वर्षानुवर्षं मुकाट चालतंय. हे सगळ्यांसाठी नाही, ज्याला खटपट आवडते त्यानेच घ्यावं.

आईसाठी स्टोरीटेल, ऐकायच्या पुस्तकांचं ॲप, ही वर्गणी. मोतीबिंदूनंतर वाचन सुटलं होतं तिचं. आता सकाळी वाती वळताना कानात मराठी कादंबरी चालू असते, मधेच "थांब रे, आत्ता कळणारे कुणी मारलं ते" म्हणून मलाच गप्प करते. ती ऐकतेय तोवर ही वर्गणी बंद करायचा प्रश्नच नाही. मी स्वतःसाठी घेतली होती, महिन्यात एक पुस्तक पण होईना, बंद केली.

गाण्यांसाठी पॉवरॲम्प, कारण माझ्याकडे नाट्यसंगीताच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या फाइली आहेत, त्या दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. तुम्ही सगळं ऑनलाइनच ऐकत असाल तर याचा काही उपयोग नाही.

पैसे गेलेच असतील तर

आधी सबस्क्रिप्शन्समधून रद्द करा, ॲप उडवून काही होत नाही हे आलंच वर. मग प्ले स्टोअरच्या पर्चेस हिस्टरीत जा, नाहीतर ईमेलमधे पावती शोधा, जीपीए या अक्षरांनी सुरू होणारा ऑर्डर नंबर असतो त्यात, तो घेऊन रिफंडचा अर्ज करा, कारणात दोन साध्या ओळी पुरतात. ॲपलचं 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' नावाचं वेगळं पान आहे. प्रत्येक कापलेल्या रकमेसाठी वेगळा अर्ज करायचा.

काकांचे पाचही अर्ज मी त्यांच्या शेजारी बसून भरले. शेवटचे १९९ परत आले, आधीचे चार आठवडे नाहीत. परवा परत फोन आला त्यांचा, पंचांगाचं एक ॲप ३ दिवस फ्री म्हणतंय, घेऊ का? मी म्हटलं काका, स्वयंपाकघरात भिंतीवर काय लटकतंय ते बघा आधी.