तारापूरवर लक्ष ठेवणाऱ्यांवर कोण लक्ष ठेवतं? तो रिपोर्ट स्वतः कसा वाचायचा

आम्ही बोईसरचे, त्यामुळे पाहुणे आले की एकदा तरी विषय निघतोच, तारापूरचं अणुवीज केंद्र एवढं जवळ, भीती नाही वाटत का तुम्हाला? १९६९ पासून चालू आहे, सवय झालीये, असं उत्तर घरोघरी मिळेल. पण मला वाटतं प्रश्न वेगळा विचारायला हवा. प्लांटवर नजर ठेवते एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, ऑफिस मुंबईत अणुशक्तीनगरला. मग एईआरबीचं काम नीट चाललंय का हे कोण बघतं? तर दुसऱ्या देशांचे रेग्युलेटर येऊन बघतात, आणि त्यांनी काय बघितलं ते लिहिलेलं नेटवर फुकट मिळतं. वाचत कोणी नाही, म्हणून हे लिहितोय.

सर्चमध्ये टाका 'आयआरआरएस इंडिया २०१५', अर्थात इंग्रजी स्पेलिंगने, IRRS India 2015. आयआरआरएस म्हणजे आयएईएची, म्हणजे व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची योजना, एखाद्या देशाने बोलावलं की बाकीच्या देशांचे अनुभवी रेग्युलेटर टीम करून येतात, आधी त्या देशाने स्वतःचं केलेलं मूल्यमापन वाचतात, मग मुलाखती, कागदपत्रं, इन्स्पेक्टर काम कसं करतात ते सोबत जाऊन बघणं. अणुभट्टी तपासायला नाही येत ते, भट्टी तपासणाऱ्याला तपासायला येतात. भारतात अशी टीम मार्च २०१५ मध्ये आली, प्रमुख होते कॅनडाच्या नियामक संस्थेचे रमझी जम्माल. कॅनडाचा माणूस म्हणजे आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या कळणारा, कारण राजस्थानातल्या रावतभाट्याची पहिली भट्टी कॅनडाच्याच मदतीने उभी राहिली.

रिपोर्ट उघडला की लगेच शिफारशींवर उडी मारू नका, आधी स्कोप बघा, टीमने काय बघितलं आणि काय बघितलंच नाही. २०१५ ला विषय होता अणुवीज केंद्रांवरचं नियंत्रण. तुमच्या गल्लीतल्या एक्स-रे सेंटरबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही, ना चांगलं ना वाईट. हे न बघता लोक व्हॉट्सॅपवर 'जगाने भारताला क्लीन चिट दिली' किंवा 'जगाने भारताला नापास केलं' असं काहीही फिरवतात.

मग आत जागोजागी चौकटी दिसतील, त्यात आर, एस आणि जीपी अशी अक्षरं आणि पुढे नंबर. सगळा जीव या चौकटींत आहे. आर म्हणजे शिफारस, आयएईएच्या सुरक्षा मानकातली गोष्ट इथे पूर्ण होत नाहीये. एस म्हणजे सूचना, चालतंय पण अजून चांगलं होऊ शकतं, आणि त्याची भाषाच मऊ असते, 'करावं' नाही तर 'करण्याचा विचार करावा'. जीपी म्हणजे इतरांनी उचलावी अशी चांगली पद्धत. मी दोन रंगांची पेनं घेऊन बसतो आणि प्रत्येक चौकटीत फक्त एक गोष्ट शोधतो, वाक्याचा कर्ता कोण आहे, सरकार की एईआरबी?

हे का महत्त्वाचं ते बघा. २०१५ च्या टीमने म्हटलं की एईआरबीचं स्वातंत्र्य कायद्यात पक्कं करावं. हे सांगितलंय सरकारला, कारण एईआरबी १९८३ ला स्थापन झालं ते सरकारी आदेशाने, स्वतःचा वेगळा कायदा नव्हता आणि रिपोर्टिंग अणुऊर्जा आयोगाला होतं. एईआरबीतल्या लोकांनी कितीही प्रामाणिकपणे काम केलं तरी कायदा काय ते करू शकत नाहीत, तो संसदेतच होतो. उलट त्याच टीमने केंद्रांवरच्या नेहमीच्या तपासणीच्या फेऱ्या वाढवण्याचा विचार करावा असंही म्हटलं, ते एईआरबीच्या हातातलं. कर्ता बघितला नाही तर आपण चुकीच्या दारात जाऊन भांडतो.

पुढची पायरी फॉलोअप. तीच टीम-पद्धत काही वर्षांनी परत येते, भारतात २०२२ ला आली. इथे प्रत्येक जुन्या नंबरापुढे लिहिलेलं असतं, बंद झाली, उघडी आहे, किंवा प्रगती आणि विश्वासाच्या आधारावर बंद. हा तिसरा प्रकार नीट वाचा, त्याचा अर्थ काम संपलं असा नाही, काम चालू आहे आणि पूर्ण होईल असं टीमला वाटतं, एवढाच. दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी उघडा, नंबर जुळवत जा, एक संध्याकाळ पुरते.

वेळ असेल तर अणुसुरक्षा कराराचे राष्ट्रीय अहवालही चाळा. हा करार १९९४ चा, भारत २००५ ला त्यात आला, दर तीन वर्षांनी प्रत्येक देश अहवाल देतो आणि बाकीचे देश त्यावर लेखी प्रश्न विचारतात.

जैतापूरवाल्यांसाठी खास सांगतो. तिथे ज्या ईपीआर, म्हणजे फ्रेंच बनावटीच्या भट्ट्या ठरल्यात त्यांच्याबद्दल नोव्हेंबर २००९ मध्ये फ्रान्स, फिनलंड आणि ब्रिटनच्या रेग्युलेटरनी एकत्र निवेदन काढलं होतं, की भट्टी रोज चालवणारी कंट्रोल सिस्टीम आणि गडबड झाल्यावर वाचवणारी सुरक्षा सिस्टीम एकमेकींपासून पुरेशा वेगळ्या नाहीत, डिझाइन सुधारा. तीन देश, एकच कंपनी, एकच दोष, आणि तिघे एका सुरात बोलले, म्हणून कंपनीला एका देशाची अट म्हणून बाजूला सारता आलं नाही. सहकार्य म्हणजे मला हे वाटतं, हस्तांदोलनाचे फोटो नाही. त्यामुळे जैतापूरचं काही वाचताना या तिघांच्या साइटवर त्याच भट्टीबद्दल काय आलंय ते जरूर बघा.

आणि वाचून प्रश्न पडला तर आरटीआय टाका, केंद्र सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, फी १० रुपये. 'तारापूर सुरक्षित आहे का' असं विचारू नका, त्याला उत्तरच येणार नाही. रिपोर्टचं साल, शिफारशीचा नंबर, पान नंबर लिहा आणि एवढंच मागा: या शिफारशीवर केलेल्या कारवाईच्या कागदांची प्रत द्यावी.