जुन्या जीपचं पॉवर स्टिअरिंग जड लागतंय? पंप बदलायच्या आधी हे बघा

जुन्या महिंद्रा एमएम ५४० ला नंतर पॉवर स्टिअरिंग बसवून घेतलं की काही महिन्यांनी तक्रार येते, स्टिअरिंग जड लागतंय, आणि गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं, पंप गेलाय. अहो थांबा जरा. अशा गाडीत पंप एका गाडीचा, स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पाठवणारा गिअरचा डबा) भंगारातून दुसऱ्याच गाडीचा, होज पाईप बनवून घेतलेले, त्यामुळे कंपनीचं मॅन्युअल कामाला येत नाही. एकेक शक्यता आपणच बाद करत जायची, आणि माझं तर ठाम मत आहे की सुरुवात ऑईलपासून नाही, लोखंडापासून करायची.

पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचला, खाली पक्के स्टँड लावा, इंजिन बंद ठेवा आणि ड्रॅग लिंक (चाकांकडे जाणारा लांब दांडा) पिटमन आर्मपासून (बॉक्समधून निघणाऱ्या हातापासून) सोडवा. आता चाकं हातानं वळवून बघा, जड गेली तर किंग पिनचे (चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे) बेअरिंग किंवा टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे सांधे) कोरडे पडलेत, पंपाचा काही संबंध नाही. चाकं नीट फिरली तर मग नुसतं स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.

इथे नीट लक्ष द्या. एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं लागत असेल तर दोष मधल्या शाफ्टच्या क्रॉसचा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटचा. कस्टम कामात कॉलम (स्टिअरिंगखालचा दांडा) आणि बॉक्स एका रेषेत येत नाहीत म्हणून दोन क्रॉस टाकतात, आणि मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क (क्रॉस धरणारे काटे) एकाच रेषेत हवेत, शाफ्टवरचा एखादा दात इकडेतिकडे बसला की एका क्रॉसचा झटका दुसरा खाऊन टाकण्याऐवजी वाढवतो. खडूनं खूण करा, शाफ्ट काढा, दात सरकवून परत बसवा, बोल्ट घट्ट करा. फोर्क बरोबर असूनही अडकत असेल तर क्रॉसचा कोन फार तिरका आहे, साधारण ३० अंशांच्या वर गेला की त्रास सुरू होतो, मग कॉलमचा सपोर्टच हलवावा लागतो.

ड्रॅग लिंक परत जोडा, चाकं जमिनीवर टेकवा, कुणालातरी स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली बॉक्सकडे बघा. बॉक्स चासीवर हलतोय का, वेल्डिंगला बारीक तडा गेलाय का? गेला असेल तर गाडी बाहेर काढूच नका, घाटात हा बॉक्स सुटला तर काहीच हातात राहत नाही. पिटमन आर्म किंवा ड्रॅग लिंक कापून वेल्ड केलेली दिसली तरी तेच, बदलूनच टाका.

आता ऑईल. पॉवर स्टिअरिंगच्या ऑईलच्या टाकीत फेस दिसला किंवा वळवताना घुं घुं आवाज आला तर हवा शिरलीय, बहुतेक वेळा टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या पाईपच्या क्लॅम्पमधून, तिथे बाहेर थेंबही दिसत नाही म्हणून ती जागा सुटते. पंप फिरवणारा पट्टा किंचाळत असेल तर तो ताणा. आयडलला जड आणि रेस दिली की हलकं, असं असेल तर पंपाचा फ्लो (ऑईलचा प्रवाह) कमी पडतोय, पण पंप खराबच असेल असं नाही. डिझेल इंजिनचा आयडल कमी, त्यात पंपाला मोठी पुली लावलेली असेल तर पार्किंगच्या वेळी तो फिरतोच हळू, लहान पुलीनं काम होतं. उलट स्टिअरिंग एवढं हलकं की हायवेवर बोटानं गाडी लेन सोडते, तर बॉक्सच्या मानानं फ्लो जास्त आहे.

एवढं करूनही जड, तरच प्रेशर मोजायचा गेज. पंप आणि बॉक्सच्या मधे प्रेशर पाईपला गेज आणि व्हॉल्व्ह लावा, गेज पंपाच्या बाजूला, इंजिन चालू करा, व्हॉल्व्ह बंद करून आकडा बघा, पण ५ सेकंदांच्या वर बंद ठेवू नका, पंप जळतो. प्रेशर चढत नसेल तर पंप दोषी. चढतंय, पण व्हॉल्व्ह उघडून स्टिअरिंग टोकाला नेल्यावर तेवढंच येत नाही, तर बॉक्सच्या आतून गळती आहे.

वळण संपल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नसेल तर बॉक्सचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू बघा, प्ले (स्टिअरिंगची सैल चाल) घालवायला तो जास्तच आवळून ठेवलेला असतो. तो बरोबर असेल तर कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या किंग पिनचा पुढे-मागे कल), पाटे उंच केलेल्या जीपमध्ये तोच बिघडतो.

काम झालं की चाकं वर उचलून, इंजिन बंद ठेवून, आतली हवा काढायला स्टिअरिंग १५-२० वेळा टोक ते टोक फिरवा, मधेमधे ऑईल भरा, मग इंजिन चालू करून लेव्हल परत बघा.